एक ठिपका, एक पाऊल

ठिपकेकाकांचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटात असेल तर असेल, त्या नावाने त्यांना कोणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. अंध मुलांच्या त्या शाळेत तळमजल्यावर, जिन्याच्या मागे, एक लांबट खोली आहे. तिथे ब्रेलची पुस्तकं छापतात. ब्रेल म्हणजे कागदावर उठवलेल्या ठिपक्यांची लिपी, डोळ्यांऐवजी बोटांनी वाचायची. गेली बावीस वर्षं या खोलीतून जेवढे म्हणून ठिपके बाहेर पडले, तेवढे काकांनी छापले. मुलांनी त्यांना ठिपकेकाका करून टाकलं, आणि मुलांनी ठेवलेलं नाव जन्मभर सुटत नाही हे कुठल्याही मास्तरांना विचारा.

खोलीत छापायचं यंत्र आहे, त्याला सगळे धडधडी म्हणतात. तिच्या पोटात छोट्या छोट्या हातोड्या आहेत आणि एकेक ठिपका ती ठोकून काढते. आवाज असा की काकांनी तिच्यासाठी आतून गाद्या लावलेली लाकडी पेटी करून घेतली, तरी वरच्या मजल्यावरचे गणिताचे मास्तर अधूनमधून पायांनी फरशी आपटतात. बाजूच्या टेबलाशी काकांची बायको बसते. तिला सगळी शाळा 'बाई' म्हणते. बाई चार वर्षांच्या असताना त्यांची दृष्टी गेली. काका छापणार, बाई बोटांनी वाचून चुका काढणार, असा दोघांचा कारभार. दिवसभर एका खोलीत काम करायचं आणि संध्याकाळी पुन्हा एकाच घरी जायचं, तरी यांचा संसार टिकला कसा, असं लोक विचारतात. उत्तर सोपं आहे. धडधडी चालू असली की भांडता येत नाही.

काकांचा खरा जीव मात्र पुस्तकांपेक्षा नकाशांत. जुन्या कॉम्प्युटरवर एक जुनाट प्रोग्रॅम होता, काळा पडदा आणि पांढरे ठिपके, बस्स. त्यात काकांनी बेडकाच्या आतड्यांपासून नद्यांपर्यंत काय काय काढलं होतं. शाळेत नवं मूल आलं की त्याला पहिल्याच दिवशी शाळेचा उठावाचा नकाशा मिळायचा. त्या नकाशांचा एक पक्का नियम होता: एक ठिपका म्हणजे एक पाऊल, आणि पाऊल म्हणजे बाईंचं पाऊल. बाई व्हरांड्यातून चालत जायच्या, मोठ्याने मोजायच्या, काका मागून लिहीत यायचे. फाटकापासून वर्गापर्यंत चौतीस, वर्गापासून नळापर्यंत अकरा. मूल दोन दिवस कागदावर बोट फिरवायचं आणि तिसऱ्या दिवशी कोणाचाही हात न धरता नळावर हजर. लहान मुलांची पावलं आखूड, पण 'बाईंच्या पावलाला आपली दीड' हा हिशेब पोरं अर्ध्या दिवसात शिकायची.

आता मुद्द्याचं सांगतो. यंदा काकांच्या मुलीला मुलगा झाला, पहिलं नातवंड. दोघं धावत गेले, दवाखान्यात दोन दिवस राहिले, बाळाला पोटभर हाताळलं आणि शाळा सुरू व्हायची म्हणून परत आले. मुलगी बाळाला घेऊन घरी गेली. घर नवं, तीन महिन्यांपूर्वी घेतलेलं, बाईंनी त्यात अजून पाय ठेवला नव्हता. ठरलं असं की बाईंनी शुक्रवारी सकाळच्या गाडीने जायचं आणि दीड महिना राहायचं. इथवर सगळं गोड. मग रविवारी मुलीचा फोन आला.

"आई, तू ये गं, पण इथे काही करायचं नाहीस हं. घर तुझ्या सवयीचं नाही. उगाच कुठे लागलं-बिगलं तर? तू आपली एका जागी बस, बाळ मी आणून देईन मांडीवर. बाकी मी बघते."

बाई "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. बाई नुसतं "बरं" म्हणाल्या की काकांना कळतं, काहीतरी बिनसलं.

"ऐकलंत?" बाई म्हणाल्या. "दहा दिवसांची बाळंतीण माझं बघणार. आणि मी तिकडे शोभेला बसणार, फुलदाणीसारखी. या मुलीला कोणी वाढवलं हो? रांगत होती तेव्हा एकदा तरी हरवली का माझ्याकडून?"

"अगं, काळजीने म्हणाली ती."

"काळजीनेच म्हणाली, तेच तर लागलं मला." बाईंचा आवाज जरा ओला झाला. "मला तिच्या मदतीला जायचंय. तिला एक माणूस जास्त सांभाळावं लागणार असेल तर मी जातच नाही."

"मी येतो ना बरोबर. मोठ्या बाईंकडे रजा मागतो."

"तुम्ही? तुम्ही माझ्यापुढे चालणार आणि 'टेबल, टेबल, खुर्ची, खुर्ची' करत राहणार. त्यापेक्षा मला त्या घराचा नकाशा काढून द्या. दारातून आत गेल्यावर कोणाला काही विचारायची वेळ येता कामा नये. नकाशा मिळाला तर जाईन. नाहीतर तिला सांगा, आईचे गुडघे दुखतात."

सोमवारी सकाळी काकांनी जावईबापूंना फोन लावला. जावईबापू भला माणूस, सांगितलेलं काम मुकाट्याने करणारा. त्याने पूर्ण घर पावलांनी मोजलं आणि आकडे सांगितले. काकांनी काढायला घेतलं. दार झालं, बाहेरची खोली झाली, स्वयंपाकघराची एक भिंत झाली, आणि जुन्या कॉम्प्युटरने एक उसासा टाकला. खोलीत जळकट वास पसरला, पडदा मिटला.

"गेला," बाई टेबलावरून म्हणाल्या. त्यांना नाकाने कळलं होतं.

मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, भारी तत्पर. मंगळवारी दुपारी नवा कॉम्प्युटर दारात. पातळ पडदा, गुळगुळीत डबा, चालू केला की मांजराएवढाही आवाज नाही. त्याच्याबरोबर एक कॉम्प्युटरवाली आली, तिशीतली, पाठीवर भलीमोठी पिशवी, बोलणं तडतडीत. तिने नव्या डब्याची मागची बाजू पाहिली, धडधडीची रुंद पंचवीस पिनांची वायर पाहिली आणि मान हलवली.

"काका, याला ही वायर लागायचीच नाही. तशी जागाच ठेवत नाहीत आता. आणि तो तुमचा ठिपक्यांचा प्रोग्रॅम? नवा कॉम्प्युटर त्याला दारातही उभा करणार नाही. टाकून द्या दोन्ही. नवं यंत्र मागवा, सहा महिन्यांत येईल."

उचलली जीभ लावली टाळ्याला! बावीस वर्षांची धडधडी, अन् म्हणे टाकून द्या.

पण एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, आणि काकांना ती आवडणार नाही. कॉम्प्युटरवाली "लागायचीच नाही" म्हणाली त्या क्षणी काकांना बरं वाटलं. अगदी क्षणभरच, पण वाटलं. नकाशा नाही म्हणजे बाई एकट्या जाणार नाहीत. यंत्र बंद म्हणजे रजाही मिळेल. दोघं मिळून जाऊ, हात धरून चालू. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. त्यांनी चोरून बाईंकडे पाहिलं. बाईंची बोटं अर्ध्या छापलेल्या एका पुस्तकाच्या पानावर होती, पण ओळीवरून सरकत नव्हती.

"तुम्हाला बरं वाटलं ना?" कॉम्प्युटरवाली नव्या डब्याची वायर आणायला बाहेर गेल्यावर बाईंनी विचारलं.

"मला? छे!"

"श्वास सोडलात तो मी ऐकला."

काकांनी कान पकडले. बाईंना दिसत नव्हतं, पण कान पकडताना चष्म्याची दांडी वाजली ती त्यांनी ऐकली आणि त्यांना हसू आलं. "मला तुझी भीती वाटते गं," काका म्हणाले. "तुला काही झालं तर?"

"मला वाटत नाही का भीती? म्हणूनच तर नकाशा मागतेय."

काका उठले, बाह्या सरसावल्या आणि कॉम्प्युटरवाली परत आल्याबरोबर तिच्यासमोर उभे राहिले. "हे बघ पोरी, शुक्रवारी सकाळी ही गाडीत बसणार. त्याआधी धडधडीतून एक पान बाहेर पडायलाच हवं. टाकून द्या हा शब्द या खोलीत पुन्हा नको. बाकी तू म्हणशील ते करतो."

मग त्यांनी तिला बसवून अख्खी गोष्ट सांगितली. मुलगी, बाळ, फुलदाणी, सगळं. कॉम्प्युटरवालीने ऐकून घेतलं, बाईंकडे पाहिलं, पिशवी खांद्यावरून उतरवली आणि खुर्ची ओढली.

"जुन्याचं पोट उघडते आधी," ती म्हणाली.

जुन्या कॉम्प्युटरची डिस्क शाबूत निघाली. जळला होता तो वीज पुरवणारा भाग. तिने डिस्क बाहेर काढली, एका छोट्या डबीत बसवली आणि नव्याला जोडली. काकांची बावीस वर्षांची सगळी कमाई, बेडूक, नद्या, शाळा, अर्धवट घर, नव्या कॉम्प्युटरने अर्ध्या मिनिटात गिळली आणि ढेकरही दिला नाही. काकांना जरा अपमानच वाटला.

पुढे प्रोग्रॅम. नव्या कॉम्प्युटरच्या आत तिने एक खोटा जुना कॉम्प्युटर तयार केला. म्हणजे एक चौकट, आणि त्या चौकटीतल्या प्रोग्रॅमला वाटावं की आपण अजून जुन्याच घरी आहोत. काळा पडदा उगवला, पांढरे ठिपके उगवले. काकांनी टाळी वाजवली, बाण असलेलं बटण दाबलं, आणि ठिपका जो सुटला तो भिंत ओलांडून, पान ओलांडून पार पलीकडच्या काठाला जाऊन आदळला.

"अगं, स्वयंपाकघराचं दार शेजाऱ्यांच्या घरात गेलं!"

पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. नवा कॉम्प्युटर इतका वेगवान की जुन्या प्रोग्रॅमला दम खायला फुरसत नाही. बुधवारची अख्खी सकाळ त्यात गेली. शेवटी कॉम्प्युटरवालीने त्या चौकटीतला वेग इतका कमी केला, इतका कमी केला, की ठिपका शहाण्यासारखा एकेक घर पुढे सरकायला लागला.

"एवढा वेगाचा कॉम्प्युटर आणलात," ती कपाळ पुसत म्हणाली, "आणि मी त्याला चालायला शिकवतेय."

"शिकू दे," बाई म्हणाल्या. "कानामागून आला आणि तिखट झाला होता."

आता उरली धडधडी, आणि इथेच घोडं पेंड खात होतं. आधी एक जोडवायर लावून पाहिली, एका टोकाला नवी पिन, दुसऱ्या टोकाला जुनी. धडधडी चालली, दणदणून चालली. पान बाहेर आलं. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि नाक मुरडलं. "हे काय? कोणी शिंकलं का कागदावर?" दुसरी वायर, तिसरी वायर, प्रत्येक पानावर नवी शिंक. बुधवार संपला. काकांच्या पाचावर धारण बसली. घरी जाताना बाईंनी त्यांचा दंड धरला होता, रोजच्यापेक्षा जरा घट्ट.

गुरुवारी सकाळी कॉम्प्युटरवाली आली ती ओढणीत काहीतरी जपून गुंडाळून. एक हिरवी पट्टी, तिला जुनी रुंद पंचवीस भोकांची जागा. "दुकानातले सगळे खण उपसले," ती म्हणाली. "आठ वर्षांपूर्वी कोणीतरी टाकून दिली होती. मी नव्हती टाकली." नव्याचा डबा उघडून तिने ती पट्टी आत बसवली, धडधडीची जुनी वायर तिच्यात खुपसली आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळले. काकांनी डोळे मिटून बटण दाबलं.

धड. धडधड. धडधडधडधड.

वरून मास्तरांनी फरशी आपटली. आजवर त्या आपटण्याचा काकांना इतका आनंद कधी झाला नव्हता. पान बाहेर पडलं. बाईंनी ते दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवलं, पहिल्या ओळीवरून बोट नेलं आणि म्हणाल्या, "बेडूक. शाबूत आहे." मग कॉम्प्युटरवाली हसली, काका हसले, बाई हसल्या, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

दुपारपर्यंत काकांनी घराचा नकाशा पुरा केला. दार, पलंग, पाळणा, शेगडी, पाण्याचा नळ, सगळं. छापला. बाई वाचायला बसल्या. काका आणि कॉम्प्युटरवाली निकालाची वाट पाहावी तसे समोर उभे.

बाईंचं बोट दारातून आत गेलं, थांबलं, परत दाराशी आलं. पुन्हा आत गेलं.

"अहो, यात माणसं राहतात की कबुतरं?"

"म्हणजे?"

"दारापासून स्वयंपाकघर पाच पावलं? पलंगापासून पाळणा दोन? न्हाणीघर तर असं दिसतंय की माणसाने बाहेर उभं राहून आत हात धुवावेत. कोणी मोजलं हे?"

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. बावीस वर्षं त्यांच्या प्रत्येक नकाशात पाऊल म्हणजे बाईंचंच, दुसऱ्या कोणाचं पाऊल असू शकतं हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि जावईबापू म्हणजे दारातून वाकून आत येणारा माणूस!

कॉम्प्युटरवालीला कळेना. तिला सांगितलं तेव्हा ती खाली वाकून हसायला लागली. "तीन दिवस मी यंत्राच्या मागे लागलेय," ती म्हणाली, "आणि चूक जावयाच्या पायांत!"

"त्याला पुन्हा मोजायला सांगतो," काका फोनकडे वळले. "छोटी पावलं टाकून."

"नको. कामावर असेल तो. आणि छोटी म्हणजे किती, हे त्याला काय कळणार?" बाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. "तो पहिल्यांदा आपल्या घरी आला होता ना, लग्नाची बोलणी करायला? दारापासून खुर्चीपर्यंत मला आठ पावलं लागतात. तो पाच पावलांत बसला होता."

"तू मोजलीस?"

"जावई करायचा होता. मोजणार नाही तर काय!"

झालं. पाचाला आठ. काका एकेक आकडा सांगत गेले, बाई तोंडी हिशेब करत गेल्या. दार ते स्वयंपाकघर आठ. पलंग ते पाळणा तीन आणि थोडं. "तीनच धरा, मग हात पुढे करीन. जास्त धरलंत तर पाळण्यावर आपटेन." स्वयंपाकघर ते पलंग, सहाचे साडेनऊ, तिथे नऊ. काकांनी ठिपके वाढवले. ठिपका शहाण्यासारखा एकेक घर सरकत होता. चार वाजता दुसरं पान निघालं, आणि बाईंचं बोट त्या घरात दारातून शिरलं, शेगडीपाशी वळलं, पाळण्याशी जाऊन थांबलं आणि तिथेच राहिलं.

"आता बरोबर," त्या हळूच म्हणाल्या. "आता आवाज येतो घराचा."

त्या रात्रीपर्यंत पान पाठ झालं होतं. तरी शुक्रवारी काकांनी ते दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून पिशवीत सर्वांत वर ठेवलं, कारण कपड्यांखाली गेलं तर ठिपके चेपतात. गाडी सुटली. बाई खिडकीतून हात हलवत होत्या, काका जिथे उभे होते त्याच्या जरा डावीकडे. काका मुकाट्याने डावीकडे सरकले.

मग दिवस गेले. आणि काकांचे हाल काय सांगू! धडधडी झकास चालत होती, नवा कॉम्प्युटर तिच्या पायाशी निमूट बसला होता, पहिलीच्या पुस्तकांच्या थप्प्या लागत होत्या, पण समोरच्या टेबलावर चुका काढायला कोणी नाही. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. "बरी आहेस?" "बरी आहे." "लागलं नाही ना कुठे?" "नाही." "जेवलीस?" "तुम्ही?" एवढंच. बाई फोनवर आखडत्या हाताने बोलतात, त्यातून काही कळायला मार्ग नाही. मुलगी फोनवर यायचीच नाही, बाळात गुंतलेली. बाई तिकडे कोपऱ्यात बसून आहेत आणि आपल्याला सांगत नाहीत, असं काकांच्या मनाने घेतलं. चौथ्या दिवशी तर त्यांनी बाराखडीच्या पानांवर पानांचे आकडेच छापले नाहीत, चाळीस प्रती वाया.

सहाव्या दिवशी, दुपारी साडेचारला, भर कामात मुलीचा फोन आला. काकांनी धडधडी बंद केली. पलीकडून कोणी बोलेना, नुसता श्वास.

"काय झालं? आई पडली?" काका उभेच राहिले.

"नाही हो बाबा." मुलगी रडत होती, पण आवाज हसरा होता. "मी आत्ता उठले."

"उठलीस म्हणजे?"

"बाळाला दूध पाजून दीडला आडवी झाले, ती आत्ता उठले. तीन तास, बाबा! बाळ झाल्यापासून मी सलग एक तास झोपले नव्हते. त्याने जरा हूं केलं की दचकून उठायची, हे असले तरी, कोणीही असलं तरी. आज तो मध्ये रडला असणार, आईने त्याला घेतला असणार, फिरवला असणार, मला काही काही कळलं नाही. आई घरात आहे म्हटल्यावर मला काळजीच वाटली नाही हो."

काकांनी चष्मा काढला. "मग आता कुठे आहे ती?"

"बाळाला खांद्यावर टाकून फेऱ्या मारतेय. पलंगापासून दारापर्यंत, दारापासून पलंगापर्यंत. मी घ्यायला गेले तर म्हणाली, आत्ताच डोळा लागलाय त्याचा, तू झोप अजून."

"मग झोप ना," काका म्हणाले. "आई सांगतेय तर झोप."

फोन ठेवून ठिपकेकाका त्या लांबट खोलीत एकटेच मोठमोठ्याने रडले, आणि मग रडता रडता त्यांनी धडधडी चालू केली, म्हणजे वरच्या मास्तरांना ऐकू जाऊ नये.